ठणकणारा कान आणि वाहणारा कान



या व्याख्यानमालेच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, मधुमेह झाला, हृदयविकार झाला, गुडघे झाले. यंदा कानावर बोला." मी कारण विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडं पोरांचे कान फार वाहतात." एवढं नेमकं निमंत्रण मला कुठल्याही वैद्यकीय परिषदेकडून आलेलं नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी आयुष्यभर याच पोरांना शिकवलं. तेव्हा आजचा विषय कान. त्यातही मधला कान.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. रात्री पोराचा कान ठणकला की आपण शेजाऱ्याला उठवून गाडी काढतो. पण कान दोन-चार वर्षं वाहत असला, तर "वय झालं की थांबेल" म्हणून घरी ठेवतो. आजाराचा हिशेब बहुतेक वेळा याच्या उलट असतो. ठणकणारे बरेचसे कान चार दिवसांत आपोआप बरे होतात. वाहणारा, न दुखणारा कान मात्र आतल्या आत ऐकू येणं खात राहतो, आणि क्वचित जिवावरही उठतो.

हे समजून घ्यायला आपल्या वेल्ह्याकडच्या पाबे घाटाचीच मदत घेऊ. घाट उतरताना तुमच्या कानांना दडे बसतात. एक आवंढा गिळला की "टक्" होऊन कान मोकळे होतात. तिथे काय घडतं? कानाच्या पडद्यामागे हवेनं भरलेली एक छोटी खोली आहे, एक-दोन मिलिलिटर मावेल एवढीच. तोच मधला कान. घाट उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि पडदा आत ओढला जातो. या खोलीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, हवा आत जाते आणि दाब सारखा होतो. इटलीतल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या शरीरशास्त्रज्ञानं सोळाव्या शतकात या नळीचं वर्णन केलं, म्हणून आम्ही तिला युस्टेशियन नळी म्हणतो. कानाच्या दुखण्यांतली निम्मी-अधिक गोष्ट या नळीपाशी सुरू होते.

मधल्या कानात तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. पडदा मोठा आणि रिकिबीचा तळ लहान, त्यात हातोडीची तरफ, यामुळे पडद्यावर पडलेला आवाजाचा दाब आतल्या कानापर्यंत जाताना सुमारे 22 पट होतो. खोलीत हवा असेल तरच हे यंत्र चालतं. पाणी किंवा पू भरला, पडद्याला भोक पडलं किंवा हाड झिजलं, की तेवढा आवाज वाटेतच हरवतो.

मोठ्या माणसाची ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली तिरकी असते. तान्ह्या बाळाची त्याच्या निम्मी, आणि जवळजवळ आडवी. शिवाय लहान मुलांच्या नाकामागे ॲडेनॉइडची गाठ मोठी असते आणि ती नळीचं तोंड दाबते. म्हणून सर्दीतला शेंबूड आणि त्यातले जंतू पोराच्या कानात सहज पोचतात, बापाच्या कानात पोचत नाहीत. सर्दी झाली की नळी सुजून बंद होते, आतली हवा शोषली जाते, पाणी साचतं, आणि न्यूमोकोकस किंवा हिमोफिलससारखे जंतू त्यात वाढतात. इथं जून ते सप्टेंबर काय पाऊस पडतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दारं-खिडक्या बंद, चूल पेटलेली, ओले कपडे घरातच वाळत घातलेले आणि एका खोलीत सर्दी झालेली चार पोरं. कान फुटायला आणखी काय हवं? नदीत डुंबल्यामुळे कान फुटतो असं तुम्ही म्हणता. पडदा शाबूत असेल तर नदीचं पाणी मधल्या कानात जाऊच शकत नाही. बाहेरच्या नळीला सूज येईल, तो वेगळा आजार. मधल्या कानात जंतू येतात ते नाकातून.

आता ती ठणक्याची रात्र घ्या. दोन दिवस सर्दी, मग ताप, आणि रात्री आडवं झाल्यावर पोर कान धरून किंचाळतं. तान्हं असेल तर नुसतं रडतं, दूध सोडतं, डोकं घुसळतं. या वेळी ऑटोस्कोपनं, म्हणजे दिवा आणि भिंग लावलेल्या नळीनं, कानात पाहिलं तर काय दिसतं? निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी आणि अर्धपारदर्शक असतो. त्यावर खालच्या बाजूला प्रकाशाचा एक चमकता त्रिकोण पडतो. ठणक्याच्या कानात तो त्रिकोण गायब झालेला असतो. पडदा लाल, आणि मागून पुवानं रेटल्यामुळे बाहेर फुगलेला. असा फुगलेला पडदा पाहिला की शंका राहत नाही. नुसता लाल असेल तर मात्र घाई करू नये, रडून रडूनही पडदा लाल होतो.

या रात्री पहिलं औषध वेदनेवरचं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, दर किलोला 15 मिलिग्रॅम; दहा किलोच्या मुलाला 150. गरज पडली तर दर सहा तासांनी, दिवसात चार वेळांहून जास्त नाही. मोठ्यांची गोळी अंदाजानं मोडून देऊ नका आणि मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नका. कधीकधी पहाटे पडदा फुटतो, उशीवर पिवळा डाग पडतो आणि पोर शांत झोपतं. आई घाबरते, पण असं फुटलेलं भोक बहुधा काही आठवड्यांत स्वतःच बुजतं.

अँटिबायोटिक द्यायचं का? यावर डॉक्टरांमध्येही दोन तट आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की अँटिबायोटिक न घेतलेल्या मुलांपैकी साठेक टक्क्यांचं दुखणं 24 तासांत थांबतं. म्हणून दोन वर्षांवरचं मूल, एकच कान, ताप फार नाही, अशा वेळी दोन-तीन दिवस वाट पाहायला हरकत नसते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतलं आणि दोन्ही कान धरलेले, कान वाहू लागलेला, किंवा ताप 39 अंश सेल्सिअसच्या वर, अशा मुलाला औषध लगेच द्यायचं. पण वाट पाहण्याचा सल्ला, मूल परत दाखवायला येऊ शकतं असं गृहीत धरतो. आषाढात, ओढ्याला पाणी असताना, डोंगरावरच्या धनगरवाड्यातली आई पोराला पाठीवर बांधून खाली आली, तर तिला "परवा परत या" म्हणणारा डॉक्टर पुस्तकाप्रमाणे बरोबर असेल. मी मात्र तिला औषध देऊन पाठवीन. सरकारी आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणातही कानाच्या ताज्या संसर्गाला अँटिबायोटिक द्यायला सांगितलं आहे, आणि आपल्याकडे ते शहाणपणाचं आहे. एक अट: सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, आणि उरलेली बाटली धाकट्यासाठी फडताळात ठेवायची नाही.

ही औषधं आज गल्लीतल्या दुकानात मिळतात, पण त्यांचं वय फार नाही. 1930 च्या दशकात सल्फा औषधं आली, त्या आधी कानामागच्या हाडात पू झाला की ते हाड कोरून काढणं एवढाच उपाय होता. पेनिसिलीन आपल्या देशात बनवण्यासाठी 1954 साली इथून पन्नास-साठ किलोमीटरवर, पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्या आधीच्या कानाचं एक उदाहरण जगाला माहीत आहे. सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे कानाचे नामांकित सर्जन. 1853 साली त्यांनी कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला; कानामागे घ्यायच्या एका छेदाला पुढे त्यांचंच नाव पडलं. त्यांचा मुलगा म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्ड. 1900 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधल्या एका हॉटेलच्या खोलीत ऑस्करच्या कानाची शस्त्रक्रिया झाली आणि 30 नोव्हेंबरला तो मेंदूच्या आवरणाच्या दाहानं गेला. तो दाह कानातूनच पसरला असं अनेक डॉक्टर मानतात. वय 46.

आता वळतो वाहणाऱ्या कानाकडे. खरं व्याख्यान इथून सुरू होतं.

पडदा फुटला आणि बुजला नाही, भोक तसंच राहिलं, की सर्दी झाली की कान वाहतो, अंघोळ केली की वाहतो. दुखत नाही. म्हणूनच कोणी येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त वाहणाऱ्या कानाला आम्ही जुनाट म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2004 साली जो आढावा छापला, त्यात जगभरात साडेसहा ते तेहतीस कोटी माणसांचे कान असे वाहत असल्याचा अंदाज होता, आणि हा आजार ज्या देशांत सर्वांत जास्त, त्या गटात भारत होता. गरिबीचा, दाटीच्या घरांचा, अर्धपोटी मुलांचा हा आजार आहे. कातकरी वस्तीवर गेलात तर वेगळं यंत्र लागत नाही, माश्या कुठल्या पोराच्या कानाभोवती घोंघावतात ते पाहिलं की पुरे.

माझ्याकडे येणारी माणसं सांगतात, "गोळ्या लई खाल्ल्या, तेवढ्यापुरतं थांबतंय." थांबत का नाही? ताज्या ठणक्यातले जंतू वेगळे आणि जुनाट कानातले वेगळे. इथे ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू असतो, आणि नेहमीच्या ॲमॉक्सिसिलिनला तो दाद देत नाही. शिवाय पुवानं भरलेल्या कानात गोळीचं औषध पुरेसं पोचतही नाही. इथे थेंब लागतात, सिप्रोफ्लॉक्सासिनचे. आणि थेंबांच्याही आधी लागते ती कोरड. कान पुसून कोरडा केल्याशिवाय घातलेला थेंब पुवावर तरंगतो आणि पुवाबरोबर बाहेर येतो.

कान कोरडा कसा करायचा? बायाबापड्यांनो, तुम्ही समईची वात वळता, तशीच वात वळायची. धुऊन उन्हात वाळवलेलं मऊ सुती कापड घ्या. काडी नको, काडेपेटीची नको आणि कापूस लावलेलीही नको. वातीचं टोक हलकेच कानात सरकवा, मिनिटभर ठेवा, काढा. पिवळी झाली असेल तर टाकून द्या आणि नवी घ्या. वात कोरडी निघेपर्यंत हे करायचं, दिवसातून निदान तीन वेळा. मग थेंबांची बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करा, कारण गार थेंब कानात गेला तर भोवळ येते. पोराला कुशीवर निजवा. लहान मूल असेल तर कानाची पाळी खाली आणि मागे ओढा, मोठं असेल तर वर आणि मागे. थेंब घाला आणि कानाच्या भोकापुढची जी छोटी कूर्चा असते ती बोटानं चार-पाच वेळा आत दाबा, म्हणजे थेंब भोकातून आत जातो. पाच मिनिटं तसंच पडू द्या. असं दोन आठवडे. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवायचा आणि अंघोळ झाली की काढायचा. दिवसभर बोळा कोंबून ठेवला तर आत ओल धरते. भोक असेतो धरणाच्या पाण्यात सूर मारणं बंद.

वेळखाऊ काम आहे. पण दोन आठवडे आईनं हे नीट केलं तर बरेच कान कोरडे होतात.

तेलाचं काय, हा प्रश्न येणारच. लसूण टाकून कोमट केलेलं तेल, तुळशीचा रस, आईचं दूध, हल्ली पेरॉक्साइडचा फेस. पडदा शाबूत असेल तर तेल बाहेरच्या नळीतच राहतं, रोगापर्यंत पोचतच नाही. ऊब लागते म्हणून घटकाभर बरं वाटतं. पडद्याला भोक असेल तर तेच तेल थेट मधल्या कानात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत वर बुरशी. आजीबाई म्हणतील, हे तर आयुर्वेदात आहे. आहे ना. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग वर्णिले आहेत, त्यात कर्णशूल आहे, कर्णस्राव आहे, दुर्गंधी पुवाचा पूतिकर्णही आहे. पण वाहणाऱ्या कानावरच्या उपचारांत प्रमार्जनही आहे, म्हणजे पुसून काढणं. आपण पूरण, म्हणजे कानात तेल भरणं, तेवढं लक्षात ठेवलं, कारण तेल ओतणं सोपं आणि पुसत बसणं किचकट. आईबापांच्या माघारी नातवंडाच्या कानात वाटी उपडी करू नका, एवढीच आज्यांना विनंती.

सगळे वाहणारे कान सारखे नसतात. स्राव भरपूर, चिकट, वास नाही, असा कान त्यातल्या त्यात बरा. स्राव थोडा पण घाण वासाचा, मधूनच रक्ताळलेला, आणि थेंबांना दाद न देणारा, तर सावध व्हा. पडद्याची कातडी आत वळून तिथे मृत त्वचेचा गोळा साठतो आणि तो हाड कुरतडत जातो. कोलेस्टिआटोमा म्हणतात त्याला. हाडाला लागूनच चेहऱ्याची नस जाते आणि वर मेंदू आहे. यावर गोळ्या नाहीत, थेंब नाहीत, शस्त्रक्रिया हाच उपाय. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तोंड वाकडं झालं, गरगरायला लागलं, किंवा वाहणाऱ्या कानाबरोबर ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं असं काही दिसलं, तर त्याच दिवशी निघायचं. पुण्यात ससून रुग्णालय आहे, तिथे रात्रीही डॉक्टर असतात. उद्या लावणी आहे म्हणून थांबू नका.

साधं भोक असेल तर कान कोरडा करून पडदा बसवता येतो. कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा करतात. 1950 च्या दशकात जर्मनीत झोल्नर आणि वुल्स्टाइन यांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला, आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी रोज होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कानाच्या काही शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. स्थळ शोधताना मुलीचा कान वाहतो हे लपवण्यापेक्षा तिचं ऑपरेशन करून घेणं स्वस्त पडतं.

तिसरा कान न दुखणारा आणि न वाहणाराही असतो. पडदा शाबूत, मागे गोंदासारखा चिकट द्रव. पडदा पिवळसर, मंद, कधी आत बुडबुडे दिसतात. पोर हाक मारली तर ओ देत नाही, टीव्हीचा आवाज मोठा करतं, वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघतं. गुरुजी म्हणतात लक्ष नाही, बाप म्हणतो मस्तीखोर आहे. त्याला फक्त पुरेसं ऐकू येत नसतं, जणू सगळे कुजबुजत आहेत. बहुतेकांचा हा द्रव तीन महिन्यांत जिरतो. सर्दीची औषधं आणि अँटिबायोटिक यांचा त्यात उपयोग होत नाही. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत द्रव आणि ऐकू कमी, तर पडद्यात बारीक नळी बसवतात. ग्रोमेट नावाची ही नळी 1954 साली अमेरिकेत आर्मस्ट्राँग यांनी पुन्हा प्रचारात आणली. सहा महिने ते वर्षभरात ती आपोआप गळून पडते. शाळेतल्या बाईंना माझी विनंती आहे: ज्याचं लक्ष नाही असं वाटतं त्याला पुढच्या बाकावर बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला, आणि छडी शोधण्याआधी त्याचा कान तपासायला पाठवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या यादीत मधल्या कानाचा दाह नावानं लिहिलेला आहे. त्या दिवशी पोराला गुरं राखायला पाठवू नका. न्यूमोकोकसवरची लस 2021 पासून देशभर मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी आहे, पण तोच जंतू कानातही जातो, तेव्हा थोडा फायदा कानालाही होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं याच जंतूवरची देशी लस 2020 च्या डिसेंबरात आणली. बाकी प्रतिबंध तुमच्या घरात आहे. बाळाला निदान सहा महिने अंगावर पाजा, बाटली तोंडात देऊन उताणं निजवू नका, चुलीचा धूर बाहेर जाईल असं करा, आणि ज्यांना बिडी ओढायचीच आहे त्यांनी पडवीच्याही पलीकडे जाऊन ओढावी.

प्रश्नोत्तरांनंतर मी खाली त्या टेबलाशी ऑटोस्कोप घेऊन बसणार आहे, शेवटचं मूल तपासून होईपर्यंत. ज्यांच्या घरी वाहणारा कान आहे त्यांनी त्याला घेऊन यावं, मूल असो की म्हातारं. फक्त आत्ता घरी जाऊन त्यात तेल घालून आणू नका. तेलातून पडदा दिसत नाही.